उंबरखोऱ्याची पाच घरं

फाल्गुन निम्मा सरला तेव्हा धावडा गावाच्या डोंगराखाली सिमेंटचे खांब येऊन पडले. दोन ट्रॅक्टर भरून खांब आणि मागून तारेची भेंडोळी. मेंढरं रोज ज्या वाटेनं वर चढत, तिच्या तोंडाशीच पहिला खड्डा खणला गेला.

म्हस्कूनं काठी आडवी धरून कळप थांबवला. साठ मेंढरं आणि चार शेळ्या. मागून त्याची बायको कडूबाई लंगडं कोकरू खांद्यावर घेऊन येत होती. तीही थांबली. मेंढरांनी खड्ड्यातल्या ताज्या मुरमाचा वास घेतला आणि शिंकून माना फिरवल्या.

"म्हस्कूमामा, आता हितून न्हाई," वनरक्षक धर्मराज म्हणाला. तो त्याच भागातला होता. बोलताना त्याची नजर खाली होती. "झाडं लावायची हायेत. पाच वर्षं चराई बंद. वरून कागद आलाय."

"मंग मेंढरांनी काय खायाचं? खांब?"

"अर्ज करा ना. वनहक्काचा. तीन पिढ्या डोंगर वापरून राह्यले, ह्याचा पुरावा द्या. महिना-दीड महिन्यात साहेबलोक जागा बघाया येणार हायेत. तवर वाटेच्या तोंडाला तार ओढत न्हाई, येवढं माझ्या हातात हाय."

"पुरावा!" म्हस्कू थुंकला. "मेंढराच्या लेंड्या पुरावा न्हाई का?"

कडूबाईनं कोकरू या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "माझा तं जन्मच वरचा हाय," ती म्हणाली. "उंबरखोऱ्यातला."

खड्डे खणणारी दोघं-तिघं हसली. एक म्हणाला, "मावशी, वर अस्वलं जन्मतात."

म्हस्कूही हसला. बायकोच्या त्या वाडीची गोष्ट लग्न झाल्यापासून तो ऐकत होता. बहात्तरच्या दुष्काळात ती नऊ वर्षांची असताना माणसं वाडी सोडून खाली आली आणि मोलमजुरीला पांगली. आईबाप लवकर गेले, पोर मामाकडं वाढली. डोंगरात मेंढरं घेऊन फिरताना म्हस्कूला वाडी कधी दिसली नव्हती. कडूबाई बोट करायची तिकडं नुसता साग होता.

"चल," तो म्हणाला. "लिंब छाटू चल."

त्या दिवसापासून घराचं सगळं कामच पालटलं. म्हस्कू मेंढरं रस्त्याकडेनं, कापलेल्या हरभऱ्याच्या रानांतून फिरवू लागला. कुणी चारू द्यायचं, कुणी शिवी देऊन हाकलायचं. कडूबाई आणि सून रेणू आकडी घेऊन लिंब-बाभळीचा पाला पाडायच्या. बाभळीच्या काट्यांनी कडूबाईचे हात मनगटापर्यंत ओरखडले. मुलगा सुग्रीव दिवसभर दुसऱ्याच्या विहिरीवर खोदकामाला जायचा आणि संध्याकाळी पाल्याचे भारे वाहायचा. चैत्र लागेपर्यंत मेंढरांची हाडं हाताला लागू लागली. आठवड्यात दोन कोकरं गेली. दोन्ही कडूबाईनंच पुरली. म्हस्कू त्या दिवशी जेवला नाही.

रेणू दहावी शिकलेली होती. तिनं गावसभेचा अर्ज लिहिला, गावातल्या मेंढरंवाल्या नऊ घरांच्या सह्या-अंगठे घेतले आणि सासूला घेऊन तालुक्याच्या गावी गेली. टेबलामागच्या कारकुनानं अर्ज वाचला, मग जाड वही उघडून बोट खालपर्यंत नेलं.

"उंबरखोरं नावाचं गाव यादीत नाही."

"वाडी व्हती," कडूबाई म्हणाली. "चार घरांची."

"यादीत नाही म्हणजे नाही, आजी."

"मंग म्या कुठं जन्मले?"

"ते मी कसं सांगू?"

बाकावरची माणसं हसली. कारकून वाईट नव्हता. हसू आल्याचं त्यालाच वाईट वाटलं आणि त्यानं वही मिटली. कडूबाईनं डोईवरचा पदर आणखी पुढं ओढला. बाहेर पायऱ्यांवर रेणूनं तिला पाणी दिलं, तर तिनं ते बाजूला ठेवलं.

पाण्याच्या माठाजवळ बसलेला म्हातारा शिपाई हे सगळं पाहत होता. तो रेणूला म्हणाला, "बाई, जालन्याला केशवराव म्हणून हायेत. मोजणी खात्यात ट्रेसर व्हते, नकाशांच्या नकला काढायचे. जुने नकाशे त्यांना तोंडपाठ हायेत. त्यांना इचारून पाहा जरूर."

दोघी दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं जालन्याला गेल्या.

केशवराव ऐंशीच्या घरात होते. अंगानं काटकुळे, गुडघे गेलेले, डोळे मात्र अजून तल्लख. घरात नात स्वरा होती. तिनं चहा दिला. केशवरावांनी अर्ज वाचला. 'उंबरखोरं' या शब्दावर ते थांबले, तो दोनदा पुटपुटले आणि मग नातीला म्हणाले, "कपाटातली लांब नळी आण."

नळीतून निघालेला कागद कापडाला चिकटवलेला होता. तो दिवाणावर पसरला. चार कोपऱ्यांवर चष्म्याची डबी, अडकित्ता, दोन पुस्तकं ठेवली. कडूबाई उठून जवळ गेली. तिला आधी वाटलं, कुणी पोरानं रंग सांडलेत. हिरवा डाग होता, त्यात तांबूस केसासारख्या रेघा, एकीत एक, एकीत एक, वाकड्यातिकड्या, आणि मधूनच निळ्या-काळ्या शिरा.

"हा तुमचा डोंगर," केशवराव म्हणाले.

"ह्यो? असा आडवा पडलाय?"

"वरून पाहिलेला आहे. घार बघते तसा. हिरवं ते रान. ह्या काळ्या शिरा म्हणजे कोरडे ओढे. आणि ह्या तांबड्या रेघा पाहा. एकाच रेघेवरनं चालत राहिलात तर चढही नाही, उतारही नाही. रेघ ओलांडली की चढ. रेघा दाटीवाटीनं आल्या की समजायचं, कडा."

कडूबाई बराच वेळ वाकून पाहत राहिली. मग एकदम म्हणाली, "म्हंजी ही मेंढराची वाट!"

"कशी?"

"मेंढरू सरळ वर चढत न्हाई, साहेब. डोंगराच्या कमरेनं कमरेनं चालतं. आख्खा डोंगर असाच रेघाळलेला असतो त्यांच्या खुरानं. पावसाळ्यात समोरून पाहिलं तर हे असंच दिसतं. असंच!"

केशवरावांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

"चाळीस वर्षं नोकरी केली मी," ते म्हणाले. "हे मला कुणी सांगितलं नाही."

मग त्यांनी विचारलं, "धावड्यातून वर कशा जायचात? सांगा. पायांनी सांगा."

कडूबाईनं डोळे मिटले. "गाव सोडलं की पांढरीचा माळ. मंग वढा आडवा जातो."

केशवरावांचं बोट कागदावर निघालं. "आला ओढा."

"वढ्याच्या डाव्या अंगानं चालायचं. चिंचेपतूर चढ न्हाई."

"नाही. मोकळं आहे इथं."

"मंग छातीला लागंल असा चढ. माय हितं डोईवरचं वझं उतरवायची. दम लागायचा."

"लागणारच," केशवरावांचा आवाज हळू झाला. "अर्ध्या बोटात आठ रेघा आहेत इथं."

"त्याच्यावर पठार. वाऱ्याचं. हितं माझा परकर उडायचा. मंग उजव्या हाताला खाली उतरायचं, घळीत..."

बोट उतरलं. थांबलं. केशवरावांनी भिंग मागितलं आणि तिच्या हातात दिलं. "आता इथं पाहा."

भिंगाखाली हिरव्या रंगात काळे ठिपके होते. मोहरीएवढे. पाच.

"ही घरं," ते म्हणाले. "आणि हे शेजारी इंग्रजी अक्षरांत नाव. उमरखोरा."

"उंबरखोरं," कडूबाई म्हणाली. तिनं भिंग वर-खाली केलं, ठिपके लहान-मोठे झाले. "कुणी काढलं हे? इमानातून?"

"शंभर वर्षं झाली. निजामाच्या राज्यात मोजणीची माणसं आली होती. विमान कुठलं तेव्हा. चालत. डोंगराच्या माथ्यावर टेबल मांडायचं, भवतालच्या खुणा पाहायच्या, रेघ ओढायची, पुढच्या माथ्यावर जायचं. खूप वर्षांनी ऑफिसात ह्या शीटची नक्कल मी काढली. ही तीच. चोवीस वर्षांचा होतो, अडुसष्ट साल. सहा आठवडे लागले. हे पाच ठिपके काढताना मनात आलं होतं, इतक्या रानात कोण राहत असेल?"

"अडुसष्टला?" रेणूनं बोटं मोजली. "आत्याबाई, तुमी पाच वर्षांच्या व्हता."

"तुमी हितं बसून काढून राह्यलते," कडूबाई हळू म्हणाली, "तवा म्या तिथं खेळत असन."

स्वरा दारात उभी होती, ती आत आली आणि आजोबांच्या खांद्यावरून वाकली. कडूबाईच्या डोईवरचा पदर घसरून खांद्यावर आला होता. तिनं तो सावरला नाही. बोट ठिपक्यांपर्यंत न्यायचं, पण टेकवायचं नाही, असं तिचं चाललं होतं.

"ह्यातलं आमचं कंचं?"

"तेवढं कागद सांगत नाही."

"पण घरं चारच व्हती. हे पाच कसे?"

"मोजणारा माणूस पाहिल्याशिवाय ठिपका देत नाही," केशवराव म्हणाले. "पाच होती."

त्यांनी रेणूला सगळं लिहून दिलं. शीटचा नंबर, साल, आणि शिक्क्याची नक्कल मिळवायला अर्ज कुठं करायचा ते. घरच्या नकलेला किंमत नाही, शिक्का पाहिजे. निघताना ते म्हणाले, "पाहणीच्या दिवशी मी येतो."

"आजोबा, गुडघे!" स्वरा म्हणाली.

"साठ वर्षं कागदावर चढतोय तो डोंगर. एकदा खरा पाहीन."

शिक्क्याची नक्कल यायला तीन आठवडे गेले. तेवढ्यात आणखी एक मेंढी गेली. म्हस्कूनं नकाशा पाहिला, उलटा-सुलटा केला आणि परत दिला. "मला कळत न्हाई त्यातलं," तो म्हणाला. "मेंढरांकडं कोण बघंल? तुमी जा."

वैशाखातल्या एका सकाळी पाहणीला तालुक्याच्या अधिकारी मॅडम आल्या. बरोबर कारकून, धर्मराज आणि स्वराच्या गाडीतून केशवराव. नात मोबाईलवर जागा दाखवायला लागली तेव्हा आजोबांनी सांगितलं, की जुन्या शीटच्या उभ्या-आडव्या रेघा मोबाईलच्या रेघांशी नेमक्या जुळत नाहीत. डोंगरात तेवढ्यानं घळ चुकते. पायांनीच जायला हवं.

चिंचेपर्यंत केशवराव काठी टेकत चालले. पुढं चढ पाहून त्यांचे गुडघेच थांबले. सुग्रीव खाली बसला. कडूबाईनं घोंगडं पसरलं. अडलेली मेंढी डोंगरातून आणतात तसं म्हाताऱ्याला घोंगड्यात घेऊन तिनं मुलाच्या पाठीवर बांधलं, छातीवर गाठ मारली.

"मला लाज वाटते रे," केशवराव म्हणाले.

"मेंढीहून हलके हाव तुमी," सुग्रीव म्हणाला आणि उठला.

ऊन चढत होतं. पळसाची पानं नवी, कोवळी होती. सालईच्या सोललेल्या खोडांना डिंकाचा वास येत होता. सुग्रीवच्या मानेवरून घाम वाहून घोंगड्यात मुरत होता. त्याच्या पाठीवरून म्हातारा पुटपुटत होता, "दोन हजार शंभर फूट... आता एकवीसशे पन्नासची रेघ... ही मी एका सकाळी ओढली होती रे. सुरुवातीपासून शेवटापर्यंत हात न उचलता. श्वास धरून." सुग्रीवनं ती पाच पावलांत ओलांडली. म्हातारा मान वळवून मागं पाहत राहिला, जणू रेघ दिसेल. पठारावर आले तेव्हा वारा सुटला. चारी बाजूंनी डोंगरांच्या रांगा, एकीमागं एक, निळ्या, मग धुरकट, मग नुसती कल्पना. केशवरावांनी बोट दाखवून एकेका माथ्याचं नाव घेतलं. एकही त्यांनी पूर्वी डोळ्यांनी पाहिला नव्हता. सगळे जागच्या जागी होते. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्यानं की कशानं, सुग्रीवला पाठीमागं दिसलं नाही. मानेवर एक ऊन थेंब पडला तेवढा कळला.

कडूबाई पुढं होती. पठारावरून ती उजव्या हाताच्या घळीत उतरली आणि थांबली.

"हितं."

सगळ्यांनी पाहिलं. सरळ रांगांत लावलेला साग. खाली वाळलेली पानं. दगडावर दगड नाही. धर्मराजनं पायानं पाला उकरला, खाली माती.

कारकुनानं मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी घड्याळाकडं.

"कडूबाई," पाठीवरून केशवराव म्हणाले, "कागद म्हणतो, अजून एक घळ ओलांडायची."

कडूबाई गर्रकन वळली. "जन्म माझा हाय का कागदाचा? पठारावरून उतरलं की पहिली घळ. म्या पळत जायाची."

"पळत जायचात, म्हणूनच," केशवराव नरमाईनं म्हणाले. "पळणाऱ्या पोराला एवढीशी घळ कुठं लक्षात राहते?"

कोयता घेऊन सुग्रीव पुढं झाला आणि घाणेरीच्या जाळीतून वाट काढत ते दुसऱ्या घळीत उतरले. काटे सगळ्यांच्या कपड्यांना लागले. मॅडमच्या ओढणीचा धागा निघाला. खाली थोडी सपाटी होती, तिच्यावर करवंदाच्या जाळ्या, अंजनाची तीन-चार मोठी झाडं, आणि दगड. पण दगड तर डोंगरात सगळीकडंच असतात.

"आजी, ओळखली का जागा?" मॅडमनी विचारलं.

कडूबाईनं चहूकडं पाहिलं. एक झाड ओळखीचं नव्हतं, एक खडक नव्हता. रेणूनं मागून तिच्या दंडाला हळूच चिमटा काढला. हो म्हणा, एवढाच त्याचा अर्थ. नऊ घरांची मेंढरं त्या एका 'हो'वर होती. कडूबाईला ती पुरलेली कोकरं आठवली.

"न्हाई," ती म्हणाली. "ओळखीना."

रेणूनं डोळे मिटून घेतले. कारकुनानं पेनाचं टोपण लावलं. कडूबाई होती तिथंच फतकल मारून बसली, गुडघ्यांवर हात टाकून, आणि पदरानं तोंड पुसून मान वर केली.

उभं असताना अंजनाच्या फांद्या डोळ्यांसमोर येत होत्या. बसल्यावर त्या डोक्याच्या वर गेल्या. खालून समोरचा डोंगर उघडा झाला. त्याच्या माथ्यावर दोन काळे सुळके होते, मध्ये खाच, आणि खाचेत आभाळ.

"अगं माय," ती म्हणाली. "म्हातारीचे दात."

"काय?"

"म्हातारीचे दात! आमी म्हणायचो. खाचंत चांदणी आली की माय दार लोटायची." ती उठली, तर ते सुळके फांद्यांआड गेले. ती पुन्हा बसली, तर आले. मग ती उठलीच नाही. उकिडवी, हात टेकत, नऊ वर्षांच्या पोरीएवढ्या उंचीनं जाळीखालून पुढं सरकू लागली. साठी उलटलेली बाई, डोईवर पदर नाही, केसांत काड्या. "हितं सखूमावशीचं... हितून खाली पाण्याला वाट... ये सुग्र्या, हितं तोड! हितं!"

सुग्रीवनं कोयता चालवला. घाणेरीच्या मुळांखाली दगडांची सरळ ओळ निघाली. ओळीला कोपरा होता. कोपऱ्याला दुसरी ओळ. धर्मराजनं शर्ट काढून ठेवला आणि तोही उपसायला लागला. स्वरानं ओढलेल्या फांद्या बाजूला केल्या. कडूबाई खडकापाशी थांबली, तळहातानं पाला सारला आणि हात आत घातला. हात कोपरापर्यंत गेला. खडकात कोरलेलं उखळ होतं, आतून गुळगुळीत, बायकांच्या मुसळांनी घासून घासून काचेसारखं झालेलं. तिनं त्यातली माती मुठीमुठीनं काढली. शेवटी तळ लागला तेव्हा तिनं उखळाच्या काठाला गाल लावला.

दुपारपर्यंत चार चौथरे उघडे झाले. सुग्रीव पाण्याची बाटली तोंडाला लावून उभा होता तेव्हा घोंगड्यावर टेकलेले केशवराव म्हणाले, "वरच्या अंगाला बघा. पाचवं जरा वर, एकटं आहे."

वर दगडांचा एक ढीग होता. कडूबाईनं तो पाहिला आणि तिचा हात तोंडावर गेला.

"तिथं आमी पाय देत नव्हतो. माय जाऊ द्यायची न्हाई. म्हणायची, ती माणसं आमच्या आधीच गेली. साथीत का कशात, तिलाबी ठाव नव्हतं. नावंबी ठाव नव्हती."

केशवराव काठीचा आधार घेऊन उठले. सुग्रीव पुढं झाला तर त्याला हातानंच थांबवून ते त्या वीस-पंचवीस पावलांचा चढ स्वतः चढले. ढिगापाशी पोचल्यावर त्यांनी डोक्याची टोपी काढली. रानात कुठंतरी होला घुमत होता. ज्यांची नावं त्यांच्या स्वतःच्या वाडीलाही ठाऊक उरली नव्हती त्यांचं घर उन्हातान्हात चालत आलेल्या कुणा परक्या माणसानं पाहिलं होतं आणि मोहरीएवढं लिहून ठेवलं होतं. कारकूनही वर गेला. त्यानं चपला खालीच ठेवल्या.

मॅडमनी स्वतः टेप धरला, चौथरे मोजले. मग सगळे अंजनाखाली बसले आणि पंचनामा सुरू झाला.

"वस्तीचं नाव?"

"उंबरखोरं."

"नकाशात उमरखोरा आहे."

"ज्यानं लिहिलं त्यानं ऐकलं तसं लिहिलं," केशवराव म्हणाले. मॅडमनी दोन्ही नावं घालायला सांगितली.

"घरं पाच. वस्ती उठली ते साल बहात्तर." कारकून लिहिता लिहिता थांबला. "शेवटचा रहिवासी कोण?"

कडूबाई विचारात पडली. "सगळे संगंच निघाले. बा पुढं व्हता, मेंढरं घेऊन. मंग बाकीचे. मायनं दाराला बोराटीची काटी लावली. म्या कोंबडी धरून चालत व्हते. ती सारखी हातातून सुटायची, म्हणून मागं राह्यले..." तिनं वर पाहिलं. "म्हंजी मीच की."

"नाव?"

"कडूबाई." एवढं बोलून ती थांबली. आयुष्यभर प्रत्येक कागदावर पुढं नवऱ्याचं नाव लागत आलं होतं. "कडूबाई राणोजी," तिनं बापाचं नाव सांगितलं. "पाठची-पुढची लेकरं जगली न्हाईत, म्हणून कडू. मरणाला गोड लागू नये म्हणून."

कारकुनानं तेही लिहिलं. पंचनाम्यात तसलं काही लिहीत नाहीत, पण मॅडमनी खोडायला सांगितलं नाही.

उतरताना केशवराव पुन्हा सुग्रीवच्या पाठीवर होते. पुढं आठ दिवस त्यांचे गुडघे सुजले, तापही आला. स्वरानं फोनवर रेणूला सांगितलं, "काळजी नको. आजोबा भेटेल त्याला डोंगर सांगत सुटलेत."

आषाढात कागद आला. डोंगर सगळा काही मोकळा झाला नाही. वरचं पठार आणि सागाचं रान पाच वर्षं बंदच राहणार होतं. पण जुनी वाट आणि उंबरखोऱ्याची घळ धावड्याच्या मेंढरांना मिळाली. वाटेच्या तोंडाशी तारेत बारा फुटांचं फाटक बसवायचं ठरलं. धर्मराजनं उभं राहून ते बसवून घेतलं. नऊ घरांच्या माणसांनी फाटकाला हळदकुंकू लावलं.

पाऊस बरा झाला होता. पहिल्या दिवशी म्हस्कू कळप घेऊन पुढं निघाला, कडूबाई मागं. घळीत गवत गुडघ्याला लागत होतं. मेंढरं पांगली आणि माना खाली घालून असं चरायला लागली, की नुसता कुरतडण्याचा आवाज घळीत भरला. म्हस्कू काठीवर हनुवटी टेकून ते ऐकत राहिला. मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं, घसा खाकरला.

"सुग्र्याची माय. तुमचं घर कंचं?"

ती त्याला चौथऱ्याकडं घेऊन गेली. दगडांच्या भेगांतून हिरवं उगवलं होतं. मध्ये गवत. वर आभाळ. म्हस्कू काठाशी थबकला.

"आत कुठून यायाचं?"

"ह्या अंगानं. हितं दार व्हतं." ती आत जाऊन वळून उभी राहिली. "वाकून या. दार बुटकं हाय."

म्हस्कूनं वहाणा काढल्या आणि दोन दगडांच्या मध्ये शेजारी शेजारी ठेवल्या. डोक्याचा पटका सारखा केला. मग तो उंचापुरा माणूस नसलेल्या दारातून खाली वाकून आत आला आणि गवतावर मांडी घालून, पाव्हण्यासारखा अंग चोरून बसला.

कडूबाईनं पदराखालची प्लास्टिकची बाटली काढली, झाकण फिरवून पुढं केली.

"पाणी घ्या," ती म्हणाली. "उन्हातून आलाव."

म्हस्कूनं ती दोन्ही हातांनी घेतली.